साहेब अद्याप रुजू झालेले नाहीत

नगरच्या सावेडीत रात्री साडेनऊनंतर स्टेशनरीच्या दुकानापुढे जी गर्दी होते ती मुलांची नसते, बापांची असते. प्रोफेसर कॉलनी चौक असो, गुलमोहर रोड असो की पाईपलाईन रोड, दृश्य एकच. दुकानदाराने शटर कमरेपर्यंत ओढलेलं आणि त्याखालून तीन-चार बाप वाकून आत बघताहेत. खाली घरची बर्म्युडा, वर ऑफिसचा शर्ट, कानाला फोन. "हिरवं कार्डशीट आहे का? पोपटी चालेल... थांबा, विचारतो." मग घरून जे उत्तर येतं ते फोन स्पीकरवर नसतानाही चौकाला ऐकू जातं. "पोपटी नको! मॅमनी डार्क ग्रीन सांगितलंय! आणि सोमवारी सांगितलंय, सोमवारी!" त्या दिवशी गुरुवार असतो.

सोमवारी सांगितलेलं गुरुवारी रात्री दात घासताना आठवणं हा शाळकरी मुलांचा जन्मसिद्ध हक्क आहे. आणि आठवतं तेही किती शांतपणे! ब्रश तोंडात, फेस हनुवटीवर, आणि त्या फेसातून बातमी बाहेर येते, "मम्मी, उद्या मला झाड व्हायचंय." यानंतर घरात जी हालचाल होते ती महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाने येऊन बघावी. पानं कशाची करायची, फांद्या कुठे टाचायच्या, खोडाला पप्पांचा तपकिरी टॉवेल चालेल का, यावर बैठक बसते. ज्याला झाड व्हायचं असतं तो चूळ भरून केव्हाच झोपलेला असतो.

माझा नातू दुसरीत आहे आणि नात आठवीत. मी बँकेतून निवृत्त झालेलो असल्यामुळे घरात काहीही न करता सगळ्यांकडे बघत बसायचा मला अधिकार आहे आणि तो मी पूर्णवेळ बजावतो. या बघण्यातून एक कळलं. नातवाला काही आठवत नाही, ही तक्रारच खोटी आहे. त्याच्या मामाने मोठी सायकल कबूल केली ती कोणाच्या लग्नात, कोणत्या पंगतीत आणि तेव्हा मामाच्या ताटात काय होतं, हे त्याला तोंडपाठ आहे. तो विसरतो ते फक्त डबा, वॉटरबॅग, स्वेटर, पट्टी आणि आपण आत्ता मोजे घालायला आत आलो होतो, हे.

मानसशास्त्रात हे सगळं सांभाळणाऱ्या खात्याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. मराठीत 'कार्यकारी क्षमता' म्हणता येईल. पण नगर जिल्ह्यात 'कार्यकारी' म्हटलं की लोकांना साखर कारखान्याचे कार्यकारी संचालक आठवतात आणि विषय उसाच्या भावाकडे जातो. म्हणून मी आपला 'साहेब' म्हणतो. हे साहेब कपाळाच्या मागे बसतात. त्या भागाचं नाव प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. आधी काय, नंतर काय, कोणता मोह आवरायचा, ठरवलेलं फसलं तर दुसरं काय करायचं, हे सगळं त्यांच्या सहीने चालतं. मूल शाळेत जायला लागतं तेव्हा शाखा उघडलेली असते, पाटी लागलेली असते, काउंटरवरची मंडळी हजर असतात. डोळे बघतात, कान ऐकतात, पाय पळतात, तोंडाला तर जेवणाचीही सुट्टी नसते. फक्त शाखाधिकारी रुजू व्हायचे असतात. मेंदूतला हा भाग सगळ्यांच्या शेवटी पिकतो. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान तो भराभर पुढे जातो, प्राथमिक शाळेत बेताबेताने वाढत राहतो, वयात येताना सगळी मांडणी पुन्हा बदलतो आणि पंचविशीच्या आसपास कुठे स्थिरावतो. म्हणजे मुलगा इंजिनिअर झाला, पुण्याला हिंजवडीत चिकटला आणि पहिल्या पगारावर हप्त्याने आयफोन घेऊन मोकळा झाला, की मग साहेब रुजू होतात. हप्ते भरायला.

हे मी सूनबाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, पंचवीस वर्षं कोण थांबणार? सव्वाआठला व्हॅन येते."

तेव्हापासून साहेबांचा अतिरिक्त कार्यभार तिच्याकडे आहे आणि तिचं कार्यालय म्हणजे वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. या ग्रुपवर दुपारी तीनपासून मध्यरात्रीपर्यंत कामकाज चालतं. "मराठीत काय दिलंय?" "फोटो टाका ना प्लीज." "पान 34 की 43?" "उद्या युनिफॉर्म की पीटीचा ड्रेस?" "सुलेखन दोन पानं की दोन ओळी?" एक आजोबा मध्येच गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ टाकतात, रात्री अकराला. (तो मी नव्हे.) वर्गात काय झालं, काय दिलं, काय आणायचं हे पालकांपैकी प्रत्येकाला ठाऊक असतं. ज्याच्यासाठी हे चाललंय तो सोडून. पूर्वी गृहपाठ डायरीत उतरवून आणावा लागे, नाहीतर दुसऱ्या दिवशी बाकावर उभं राहावं लागे. आता नातवाला पक्कं माहीत आहे की, आपण व्हॅनमधून उतरायच्या आत गृहपाठ मम्मीच्या फोनवर उतरलेला असतो. जे काम फोन करतो त्यासाठी डोकं झिजवणं ही शुद्ध उधळपट्टी. पोरगं मूर्ख नाही, काटकसरी आहे.

2000 साली अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साहेबांच्या कामाची जी फोड केली, ती पुढे बरीच प्रमाण मानली गेली. माहिती डोक्यात धरून तिची उलथापालथ करणं, हात आवरणं आणि एका नियमावरून दुसऱ्या नियमावर रूळ बदलणं. पैकी पहिल्या कामाची कसोटी मराठी मुलाला जगातल्या बऱ्याच मुलांपेक्षा लवकर द्यावी लागते, कारण आपले आकडे. आजीने म्हटलं, "लिही, त्रेसष्ट." कानावर आधी पडतो तीन. पण लिहायचा आधी सहा. म्हणजे तीनला दाराबाहेर थांबवून ठेवायचं, सहाला आत घ्यायचं, मग तीनला बोलवायचं. आजी पुढे म्हणते, "एकोणसत्तर." आता कानावर सत्तर पडलं, त्यातून एक गेला, लिहायचा सहा आणि नऊ, सातचा कुठे पत्ताच नाही. जर्मन मुलांचंही असंच उलटं आहे, त्यांच्याकडेही 63 म्हणजे तीन-आणि-साठ. पण एकोणसत्तरचा प्रकार त्यांच्या वाट्याला नाही.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन'सारखी संख्यावाचनाची वाट जोडीला दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत लहान मुलं अडकतात, त्यांना थोडं सोपं करून देऊ. ऐकतो कोण! विधानसभेपर्यंत आडनावांची मोडतोड करून विनोद झाले. आमच्या कट्ट्यावर तर मराठी भाषा त्या आठवड्यातच संपणार असं ठरलं होतं. सगळ्यांत मोठ्या आवाजात ओरडणारे गृहस्थ नंतर भाजीवाल्याला फोन नंबर सांगताना "नाइन एट टू टू" म्हणत होते. सेमी इंग्रजीतल्या आमच्या नातवाचं तर दुहेरी. शाळेत सिक्स्टी थ्री, घरी त्रेसष्ट. मधल्या मध्ये त्याने 36 लिहिलं की सूनबाई म्हणते "लक्ष नाही" आणि आजी म्हणते "पाढे नाहीत". माझ्या मते त्याचं लक्षही आहे आणि पाढेही आहेत. त्रेसष्टमधला तीन घुसून पुढे आला, एवढंच. सावेडी नाक्यावर रोज मोठी माणसं वाहनं घेऊन तेच करतात.

हात आवरायचं जे दुसरं काम आहे, त्याची प्रयोगशाळा प्रत्येक मराठी घरात सतरंजीवर होती. सगळ्यांची बोटं जमिनीवर. "चिमणी उड! कावळा उड! पोपट उड! म्हैस उड!" म्हशीबरोबर ज्याचं बोट उडालं तो बाद. या खेळात डोकं फार लागत नाही असं वाटतं, पण खरं तर फक्त साहेबच लागतात. बोटाला उडायची सवय लावायची आणि ऐनवेळी ते खाली दाबून धरायचं. परदेशात असंच एक कोडं घालतात. सूर्याचं चित्र दाखवलं की मुलाने 'रात्र' म्हणायचं आणि चंद्र दाखवला की 'दिवस'. साडेतीन-चार वर्षांच्या मुलांची त्यात तारांबळ उडते, सात वर्षांच्या मुलांना ते सोपं जातं. 'शिवाजी म्हणतो', 'स्टॅच्यू', विषामृत, सगळे याच जातीचे खेळ. सतरंजीवर पैसे पडत नसल्यामुळे त्यांना आपण कधी क्लास म्हटलं नाही. आता उपनगरात मेंदूला चालना देणारे क्लास निघालेत, आणि तिथल्या एका फलकावर 'एकाग्रता' या शब्दाच्या शेजारी एवढी चित्रं आहेत की नजर कुठे ठेवावी ते कळत नाही.

रूळ बदलण्याचं तिसरं काम बघायचं असेल तर मुलाला म्हणावं, "टीव्ही बंद कर, जेवायला चल." यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

एक मात्र मला आवडतं. नातू गणित करताना स्वतःशी बोलतो. "सात अधिक पाच... हातचा एक... हा कुठे ठेवू... इथे ठेवतो." आजी म्हणते, काय पुटपुटतोस, मनात कर. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी या पुटपुटण्याची बाजू शंभरेक वर्षांपूर्वीच घेतलेली आहे. मूल आधी मोठ्यांच्या आज्ञेने चालतं, मग तीच आज्ञा स्वतःला मोठ्याने देतं, आणि मग ती आवाज न करता आत उतरते. म्हणजे पुटपुटणं हे साहेबांच्या आवाजाची चाचणी आहे. हे मी आजीला सांगायला स्वयंपाकघरात गेलो तर ती फ्रीज उघडून म्हणत होती, "काय घ्यायला आले होते मी... कोथिंबीर... नाही, आलं."

आठवीतली नात या सगळ्याच्या पुढे गेलेली आहे. ती नियोजन करते. परीक्षा जाहीर झाली की, ती चार रंगांची स्केचपेनं आणि मोठा कागद घेऊन अभ्यासाचं वेळापत्रक करायला बसते. पहाटे 5 उठणे. 5 ते 5.10 प्रार्थना. 5.10 ते 7 भूमिती. समासाला वेलबुट्टी, रविवारला गुलाबी रंग. हे काम एक अख्खा दिवस चालतं आणि त्या दिवशी अर्थातच अभ्यास करता येत नाही. वेळापत्रक सोमवारपासून लागू होतं. कोणत्या, हे लिहिलेलं नसतं. तिला हसण्यात अर्थ नाही. या वयात बेत आखण्याची ताकद खरोखर वाढते, पण एका धड्याला किती वेळ लागेल याचा अंदाज आणि ठरलेलं रोज रेटत नेण्याची चिकाटी मागून येते. पंचवार्षिक योजना आखणारी पन्नाशीची माणसं होती, त्यांचं तरी काय झालं?

या मुलांचा आणखी एक गुण आहे. एकटी असली की शहाणी असतात, चौघांत आली की साहेब रजेवर जातात. 2005 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी मुलांना मोटार चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला होता. सोबती बघत असताना किशोरवयीन मुलं जास्त धोके पत्करत होती, मोठ्यांवर तो परिणाम फारसा नव्हता. त्यासाठी अमेरिकेत जायला नको होतं. संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी गुलमोहर रोडला उभं राहावं. आईची मोपेड, सीटवर तिघे, आणि तिघांपैकी मधला मोबाईल बघतोय.

मोठ्यांना आपल्या साहेबांचा फार अभिमान असतो, म्हणून उपदेशही ऐतिहासिक असतो. आपल्या भुईकोट किल्ल्यात नेहरूंना ऑगस्ट 1942 पासून कैदेत ठेवलं होतं आणि तिथेच 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे नगरच्या प्रत्येक मुलाला सांगितलं जातं. इतिहास कळावा म्हणून नव्हे, टोमणा म्हणून. माझ्या मुलाने नातवाला म्हटलं, "नेहरूंनी पाच महिन्यांत एवढं जाड पुस्तक लिहिलं, तेही तुरुंगात. आणि तुझं पाच ओळींचं शुद्धलेखन दोन तासांत होत नाही?"

नातू म्हणाला, "त्यांना खाली खेळायला सोडत नव्हते ना, पप्पा."

यावर काय बोलणार? शिवाय नेहरू तेव्हा 54 वर्षांचे होते. त्यांचे साहेब रुजू होऊन तीस वर्षं उलटलेली.

मोह आवरण्याची गोष्ट निघाली की, ग्रुपवर कोणी तरी तो मार्शमॅलोचा व्हिडिओ टाकतंच. वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ते प्रयोग केले. मुलापुढे एक गोड वडी ठेवायची आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन देईन. थांबायचं फार तर पंधरा मिनिटं. मुलं डोळे झाकत, पाठ फिरवत, गाणी म्हणत. जी थांबली ती पुढे आयुष्यात चमकली, असा त्याचा बोलबाला झाला. घरोघरी कॅडबरी टेबलावर ठेवून लेकरांची परीक्षा झाली आणि बऱ्याच लेकरांचं भवितव्य तिसऱ्या मिनिटाला अंधारात गेलं. पुढे 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी जास्त मुलांवर तेच तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती आणि बाकीचा हिशोब वजा केल्यावर त्या भाकितात फारसा दम उरला नाही. हा दुसरा भाग व्हिडिओत नसतो.

मला मात्र पंधरा मिनिटांचंच हसू येतं. गणपतीत समोर उकडीचे मोदक, वर तुपाची धार, आणि नैवेद्य झाल्याशिवाय हात लावायचा नाही. पंधरा मिनिटांत आमच्याकडे कापूरसुद्धा सापडत नाही. मग आरत्या. एक संपली की थोरले काका डोळे मिटून दुसरी उचलतात, ती संपता संपता आत्याला विठोबाची आठवते, शेवटी मंत्रपुष्पांजली, मग प्रदक्षिणा, मग "अरे, शेजारचे यायचेत, थांबा." दुसरीतला पोरगा हातात टाळ घेऊन हे सगळं उभ्याने पार पाडतो, नजर मोदकावरून न हलवता. त्याला मार्शमॅलोवाल्यांनी सरळ प्रमाणपत्र द्यावं. यात माझा नुसता अभिमान नाही. 2022 मध्ये जपानी आणि अमेरिकन मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. जपानी मुलं खाऊसाठी जास्त थांबली, कारण सगळ्यांचं ताट वाढून होईपर्यंत थांबायची त्यांना घरची सवय. अमेरिकन मुलं कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी जास्त थांबली, कारण वाढदिवसाला, नाताळला ती तशीच थांबतात. म्हणजे थांबण्याची ताकदही जिथे रोज वापरली तिथेच येते. आमचा नातू मोदकापुढे ऋषी असतो आणि वाढदिवसाच्या भेटीचा कागद पाहुणे दारात चपला काढेपर्यंत फाडून मोकळा होतो.

थांबणं आणखी एका गोष्टीवर अवलंबून असतं, आणि ती मोठ्यांना अडचणीची आहे. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा 2013 चा प्रयोग आहे. वडी समोर ठेवण्याआधी त्यांनी काही मुलांना 'चांगले रंग आणून देतो' म्हणून सांगितलं आणि आणलेच नाहीत. काहींना खरोखर आणून दिले. शब्द पाळणाऱ्या माणसासाठी मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. न पाळणाऱ्यासाठी 3. आता सावेडीतल्या कोणत्याही घरात 'रविवारी रणगाडा म्युझियम बघायला जाऊ' हे वाक्य किती वर्षं जुनं आहे ते आठवून बघा. असल्या घरातल्या मुलाने वडी लगेच खाल्ली तर तो त्याचा उतावळेपणा नाही, अनुभव आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं. कारण चांगलं होतं, मुलांची झोप. झोप कमी पडली की साहेब सगळ्यांत आधी टेबल सोडतात. आमच्या इमारतीत त्या निर्णयाचा परिणाम एवढाच झाला की, दहाला झोपणारी मुलं अकराला झोपायला लागली, कारण "उद्या उशिरा तर उठायचंय".

साहेबांना रोज कामाला लावणारी आमच्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे पाणी. ज्या रस्त्याचं नावच पाईपलाईन रोड आहे त्या परिसरात पाणी एक दिवसाआड येतं आणि मुळानगर-विळदच्या पंपांची वीज गेली की त्याहून उशिरा. नगरकरांच्या साहेबांना सेवानिवृत्ती नाही ती यामुळे. काल आलं होतं का, म्हणजे आज नाही, म्हणजे उद्या. पण मंगळवारी दुरुस्ती होती, म्हणजे परवा. तोवर गाड्या धुवायच्या नाहीत, पाहुण्यांना बोलवायचं नाही, गोधड्या तर नाहीच. हा हिशोब ज्याला येतो त्याला बुद्धिबळाची भीती वाटू नये. आणि या कामात आमचा विसरभोळा नातू काय करतो? टाकी भरली की ओरडणं आणि मोटर बंद करणं हे खातं त्याच्याकडे आहे. कोणी सोपवलं आठवत नाही. बटण खाली आहे आणि त्याला दाबायला आवडतं, एवढंच असेल. टीव्हीवर कार्टून ऐन रंगात असतं, पण वरून पाण्याचा आवाज बदलला की, हा उठून पळतो. ज्याला मोजे घालायला गेलेलं आठवत नाही, तो मोटर कधी विसरलेला नाही. त्याचं कारण मला तरी एकच दिसतं. मोटरसाठी व्हॉट्सॲप ग्रुप नाही.

पण त्याचे साहेब पूर्ण गणवेशात बघायचे तर दिवाळीत यावं. सुट्टी लागली की इमारतीच्या कोपऱ्यात किल्ल्याचं काम निघतं. वरिष्ठ पातळीवर आठवीतली मंडळी, मधे पाचवी-सहावी, आणि पाणी आणायला, गोणपाट धरायला दुसरी. जागा कोणती, यावर पहिला दिवस जातो, कारण चेअरमनसाहेबांची गाडी आणि किल्ल्याची तटबंदी यांचा जुना सीमावाद आहे. माती कुठून, विटांचे तुकडे कोणाच्या बांधकामावरून, राखणदार जेवायला केव्हा जातो, याची टेहळणी होते. सगळ्यांत मला नवल वाटतं ते हळिवाचं. किल्ल्यावर हिरवळ वसुबारसेला दिसायला हवी असेल तर हळीव चार-पाच दिवस आधी पेरायला हवेत, आणि त्याच्या आधी मातीचा शेवटचा थर बसायला हवा, आणि त्याच्याही आधी बुरूज ठरायला हवेत. म्हणजे शेवटाकडून उलटं मोजत यायचं. गुरुवारी रात्री दात घासताना डार्क ग्रीन कार्डशीट आठवणारी हीच पोरं हे उलटं गणित तोंडी करतात. वेलबुट्टीचं वेळापत्रक करणारी आमची नात इथे कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने चार ओळी लिहिते आणि त्या चारही पार पडतात.

अडचण आली की बेत बदलतात. तळ्याचं ताट कोणाच्या तरी आजीने परत मागितलं, तर रंगीत कागदावर काच. दरवाजा ढासळला, तर तिथे खिंड. नगर पडलं रणगाड्यांचं गाव, त्यामुळे मावळ्यांच्या शेजारी एक तरी प्लॅस्टिकचा रणगाडा उभा असतो. त्याला इतिहासाच्या बाजूने विरोध झाला, बरीच वादावादी झाली आणि अखेर 'तो किल्ल्याखाली, शहरात उभा आहे' असा तोडगा निघाला. शिवसेना-भाजपला एवढ्या लवकर कधी सुचलेलं नाही.

आणि नातू? त्याला पहारेकरी केलं होतं. कुत्र्यापासून आणि चेअरमनांच्या गाडीपासून किल्ला राखायचा. जेवणाच्या ताटावर दहा मिनिटं न टिकणारा हा इसम काठी घेऊन संध्याकाळभर तिथून हलला नाही. सोव्हिएत रशियात 1940 च्या दशकात मनुयलेन्को यांनी नेमकं हेच नोंदलं होतं. 'स्वस्थ उभा राहा' म्हटलं तर मुलं फार वेळ उभी राहत नाहीत. 'तू पहारेकरी आहेस' म्हटलं की किती तरी जास्त वेळ राहतात. सूनबाई गॅलरीतून बघत होती. तिने त्याला पाण्याची बाटली घ्यायची आठवण केली नाही, आणि त्याने ती आपणहून आणलेली होती. त्या आठवड्यात ग्रुपही शांत होता, शाळा बंद असल्यामुळे.

दिवाळी संपली, किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला, शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी नातू डबा घरी ठेवून गेला. माझा मुलगा तो द्यायला निघाला होता. मी म्हटलं, "राहू दे." तो म्हणाला, "अण्णा, उपाशी राहील." राहिला नाही. शेजारच्या दोघांच्या डब्यातलं खाऊन, वर एकाची चिवड्याची पुडी खिशात घालून आला. दुसऱ्या दिवशी डबा त्याने स्वतः दप्तरात टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा विसरला, पण त्या दिवशी भाजी दोडक्याची होती, त्यामुळे तो विसर होता की नियोजन, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

साहेबांचं रुजू होणं असंच चालणार. घाई करून ते येत नाहीत, आणि त्यांच्या खुर्चीत दुसरं कोणी कायमचं बसलेलं दिसलं तर दारातूनच परत जातात. बँकेत मी हे पुष्कळ पाहिलंय.

तेव्हा सावेडीकरांना एवढीच विनंती. ज्यांच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे त्यांनी यंदा दिवाळीच्या आठ दिवस आधी चार घमेली माती आणि थोडे विटांचे तुकडे फाटकाबाहेर काढून ठेवावेत. आणि न्यायला पोरं आली तर "घरच्या कोणा मोठ्या माणसाला पाठवा" असं कृपा करून म्हणू नये.